दोन खाचांची हन्ना

सोळा जानेवारी दोन हजार पाच, रविवार. आई चर्चमधून आली, चांगलं लुगडं घडी करून पेटीवर ठेवलं, जुनं नेसली आणि चहाही न घेता मागच्या शेडकडे गेली. मी पुण्याहून सकाळच्या गाडीने आले होते. माझ्या पिशवीत तिच्यासाठी खारी होती, गुडघ्याला लावायचं तेल होतं आणि तळाशी, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, तीन पानांचा अहवाल होता. त्याची ती चार महिने वाट पाहत होती.

आमचं घर दौंडला रेल्वे कॉलनी संपते तिथून पुढे, भीमेकडे उतरणाऱ्या रस्त्याला. वडील पॉइंट्समन होते. ते नोकरीत असतानाच गेले आणि त्यांच्या जागी माझा धाकटा भाऊ स्टीफन लागला. घर वडिलांचं; मागची पत्र्याची शेड मात्र आईने स्वतः उभी केलेली. शेडमध्ये त्या दिवशी नऊ मोठी काळी डुकरं होती. त्यातल्या तीन माद्या नुकत्याच व्यायल्या होत्या.

सोपानराव राहू गावच्या गुऱ्हाळावरून मळीचा ड्रम घेऊन आले होते. उसाचा रस उकळताना वर येणारी ती काळपट साय. डुकरं तिच्यावर तुटून पडतात. सोपानराव मूळचे वडगाव रासाईचे. त्यांची मेंढरं कधीच विकली गेली होती, आता छोटा टेम्पो होता. पण जनावराकडे बघताना त्यांचा डोळा अजून मेंढपाळाचाच होता.

"ही हन्ना लय रोडावली, दयाबाय," ते म्हणाले.

"पाच पाजतीय आप्पा. तुम्ही पाच पाजून बघा, मग कळंल."

सोपानराव ड्रम लवंडता लवंडता हसले. आई हन्नाच्या कानामागे खाजवत होती. हन्ना कळपातली सगळ्यात लहान मादी, शेपूट वाकडी, एक डोळा पांढरा. तिच्या उजव्या कानाच्या कडेला कात्रीने काढलेल्या दोन खाचा होत्या. आई तिच्या सगळ्या माद्यांना पवित्र शास्त्रातल्या बायकांची नावं द्यायची: रूथ, नामी, रिबका, हन्ना. नरांना नावं नव्हती. विचारलं तर म्हणायची, "तो आज हाय, उद्या न्हाई. त्याला हाक मारून काय करू?"

मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "ग्रेसे, कागद आला का गं?"

"नाही अजून."

"मशीन मोडलं व्हय तुमचं?"

"पुन्हा एकदा तपासायचं आहे. घाईत सांगून चालत नाही."

"रक्त नेलंस तवा हन्नाला नर दाखवून चार दिस झालं हुतं. ती व्याली, पिल्लं उभी ऱ्हायली, पळाया लागली. तुमचं मशीन अजून गाभणच."

सोपानराव पुन्हा हसले. मीही हसले. आई हसली नाही. ती उठली, हात लुगड्याला पुसले आणि म्हणाली, "दोन गोष्टी विचारल्यात मी तुला. कागद आला की दोन्ही सांगायच्या. एक सांगायची आन् एक झाकायची, असलं काय करू नगंस."

"नाही करणार."

संध्याकाळच्या गाडीने मी परत गेले. अहवाल पिशवीतच होता. बुधवारी सकाळी दहा वाजता प्रयोगशाळेत स्टीफनचा फोन आला. आई शेडमध्येच पडली होती. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव. स्टीफनने एवढंच सांगितलं की बादली आडवी झाली होती, मळी सगळी सांडली होती आणि एकाही डुकराने तिला तोंड लावलं नव्हतं.

*

त्या दोन गोष्टी काय होत्या ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

आई शिरूरच्या मिशन कंपाउंडात वाढली. लग्न होऊन दौंडला आली तरी हंगामाच्या सणाला ती शिरूरलाच जायची. त्या दिवशी प्रत्येक घर आपल्या उत्पन्नातलं उत्तम ते वेदीपुढे ठेवतं: ज्वारीची कणसं, भोपळे, अंडी, कोंबडा, ज्याचं जे असेल ते. प्रार्थना झाली की आवारात त्याचा लिलाव होतो. आई दरवर्षी डुकराचं पिल्लू न्यायची.

सत्त्याण्णव साली पहिल्यांदा ताप आला. डुकरांचा तो ताप ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगणं कठीण आहे. जनावरं खायचं सोडतात, एकमेकांच्या अंगावर रास करून पडतात, कान जांभळे होतात, मागचे पाय लटपटतात आणि आठवड्यात शेड रिकामी. आईच्या अकरांपैकी दोन माद्या उठल्या, नामी आणि रूथ. शेजारपाजारच्या सगळ्यांनी उरलेली विकून टाकली. आईने या दोघी ठेवल्या. सोपानरावांनी तिला सांगितलं होतं की धनगर घरचा मेंढा घरच्या मेंढ्यांवर ठेवत नाहीत, दरसाल लांबून आणतात. आईने ते उचललं. तापातून उठलेल्या मादीच्याच पोरी ठेवायच्या; नर मात्र दरसाल वेगळ्या गावचा. ज्या मादीच्या घराण्याने एक ताप काढला तिच्या कानाला एक खाच. वही नव्हती, काही नव्हतं. कानच तिची वही.

पुढच्या वर्षी सरकारी योजनेत एक पांढरा नर आला. विलायती, लांबलचक, गुलाबी कातडीचा. तो सणाला भेटणाऱ्या, डुकरं पाळणाऱ्या अनसाबाईंच्या शेडमध्ये ठेवला आणि आसपासच्या सगळ्यांनी आपल्या माद्या त्याच्याकडे न्यायच्या असं ठरलं. आईही दरसाल एक मादी न्यायची. साहेबांचा मान राखावा म्हणून, असं ती म्हणायची. त्या विणीत पिल्लं खरोखर देखणी होत. त्यातलं सगळ्यात मोठं, सगळ्यात पांढरं पिल्लू ती हंगामाच्या सणाला देवाला द्यायची. काळी, बारकी घरी ठेवायची. उत्तम ते देवाचं. त्यात तिला काही अवघड वाटलं नाही.

लिलावात घेतलेलं ते पिल्लू कोणी कापत नसे. ते 'देवाचं पिल्लू'. ते शेडमध्ये वाढवायचं, त्याच्यापासूनच पुढची वीण घ्यायची, घरात बरकत येते. एका वर्षी अनसाबाईंनी घेतलं, दुसऱ्या वर्षी त्यांच्या दिराने, मग आणखी कोणी. सहा वर्षांत शिरूर-दौंड पट्ट्यातल्या आमच्या ओळखीच्या पाचही शेडमध्ये पांढरी पिल्लं बागडायला लागली. सगळ्यांचा बाप किंवा आजा एकच. आईच्या काळ्या कळपाला लोक हसायचे. अनसाबाई तर तोंडावर म्हणायच्या, "दया, तुझी डुकरं हायेत का कोळशाची पोती?"

दोन हजार चारच्या ऑगस्टमध्ये ताप पुन्हा आला. लस मागितली तर साठा संपला होता. पाच शेडमधली साठ डुकरं होती, तीन वाचली. अनसाबाईंची चौदाच्या चौदा गेली. आईची तेवीस होती, नऊ उठली. उठलेल्यांत हन्ना होती. आईने हन्नाच्या कानाला दुसरी खाच काढली आणि मला निरोप पाठवला: ये, रक्त घेऊन जा.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत जनावरांच्या आजारांवर काम करते. आईच्या नऊ डुकरांचं आणि पांढऱ्यांतल्या तीन वाचलेल्यांचं रक्त, शिवाय मेलेल्यांचे पंचनाम्याच्या वेळी ठेवलेले नमुने मी नेले. आईचा पहिला प्रश्न होता: मी जशा माद्या निवडल्या, त्याने काही फरक पडला का, की नुसतं नशीब? दुसरा तिने शेडच्या दारात उभी राहून, हळू आवाजात विचारला होता. "देवाची पिल्लं मीच वाटली गं. माझ्या वाटण्यानं लोकांचं वाटोळं झालं का, ते बघ."

शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर काही प्रथिनं असतात. आत विषाणू शिरला की त्याचा एखादा तुकडा ती बाहेर धरून दाखवतात. तो पाहिल्यावर रक्षण करणाऱ्या पेशींना शत्रू ओळखता येतो. या प्रथिनांचा साचा आईबापांकडून येतो आणि तो प्रत्येकाचा वेगळा असू शकतो. एकाच्या पकडीत विषाणूचा हा तुकडा बसतो, दुसऱ्याच्या पकडीत तो. कळपात साचे बरेच असले तर कोणाच्या ना कोणाच्या हाती काहीतरी लागतं. कळपभर एकच साचा असला आणि त्याच्या हातून तुकडा निसटला, तर तो सगळ्यांच्याच हातून निसटतो.

आईच्या नऊ डुकरांत मला अकरा प्रकारचे साचे सापडले. पांढऱ्यांच्या सगळ्या नमुन्यांत मिळून तीन. आणि आईच्या वाचलेल्या नऊपैकी सात जणींत एक साचा समान होता, नामीकडून आलेला. मेलेल्या पांढऱ्यांत तो एकातही नव्हता. नऊ हा आकडा लहान आहे. तेवढ्यावर कोणी सिद्धांत मांडत नाही, मीही मांडणार नाही. नशिबाचा वाटा किती ते मला सांगता येत नाही. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' कडे झुकत होतं. दुसऱ्याचंही.

म्हणून मी त्या रविवारी नाही म्हणाले. एक सांगितलं असतं तर तिने दुसरं लगेच विचारलं असतं. मला वाटलं, पुढच्या रविवारी नीट शब्द जुळवून सांगू.

*

दफनाच्या तिसऱ्या दिवशी, घरातली प्रार्थना आटोपून लोक चहा घेत असताना, पशुधन अधिकारी आले. माणूस सभ्य होता. टोपी काढून आईच्या फोटोपुढे क्षणभर उभा राहिला. मग त्याने फाइल उघडली.

"स्टीफनभाऊ, वेळ योग्य नाही, मला कळतं. पण मार्चअखेर आली. तापातून वाचलेली जनावरं उचलायची आहेत आणि नवीन पन्नास पिल्लं वाटायची आहेत. आईंनी सही दिली नव्हती. आता वारस तुम्ही."

"उचलायची म्हणजे?" मी विचारलं.

"मॅडम, वाचलेलं जनावर बाहेरून धडधाकट दिसतं, पण आत विषाणू घेऊन फिरत असतं. नवीन पिल्लांना धोका नको."

"असू शकतं. तपासलंत?"

"सगळ्यांचं कुठं तपासत बसणार?"

"नऊच आहेत. आणि नवीन पन्नास पिल्लं, ती एकाच फार्मवरची?"

"उत्तम जात आहे. सहा महिन्यांत विक्रीला तयार."

"बाप किती?"

"काय?"

"पन्नास पिल्लांचे बाप किती?"

त्याने फाइल चाळली. "दोन." मग प्रामाणिकपणे म्हणाला, "एकच, खरं तर. दुसरा सध्या आजारी असतो."

कोपऱ्यात बसलेले सोपानराव बशीतला चहा फुंकता फुंकता थांबले. "साहेब, सगळ्या कळपाला एकच मेंढा लावनाऱ्या मेंढक्याला आमच्यात पोरगी देत न्हाईत."

अधिकाऱ्याला हसू आलं, त्याने ते दाबलं. मी म्हणाले, "मी रक्त घेते. आज एकदा, तीन आठवड्यांनी पुन्हा. दोन्ही वेळा विषाणू सापडला नाही तर ही डुकरं उचलायला तुमच्याकडे कारण राहणार नाही. सापडला तर मी स्वतः गाडीत चढवून देईन. लस द्या, जरूर द्या. पण न तपासता मी एकही देणार नाही, आणि उचलायचीच असली तर का, ते मला लेखी द्या."

लेखी म्हटल्यावर त्याने फाइल मिटली. "तपासा. पण बाकीच्या पाच शेडवाल्यांनी तक्रार केली तर मला उचलावीच लागतील. त्यांची साठातली सत्तावन्न गेली आहेत, मॅडम. लोक आधीच म्हणतात की ताप तुमच्याकडूनच पसरला."

फॉर्म तो स्टीफनपाशी ठेवून गेला.

लोक पांगल्यावर स्टीफन शेडच्या दाराशी आला. मी हन्नाला धरून बसले होते.

"ताई, तू साहेबाला झापलंस, छान झालं. पण उद्या तू पुण्याला जाणार. ड्यूटी करून बादल्या कोण उचलणार? कॉलनीत पोरं मला काय म्हणतात ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. मलाही म्हणायची."

"म्हणून तर गेलीस." तो दाराच्या चौकटीला टेकला. "तुझ्या प्रयोगशाळेत काय सांगितलंयस, आई काय करते म्हणून?"

मी हन्नाच्या कानावरची माती पुसली.

"वडील रेल्वेत होते, एवढंच ना?"

"हो."

"आणि त्या कागदावर? डुकरं कुणाची लिहिलीस?"

मी फोल्डर काढून त्याच्या हातात दिलं. पहिल्याच पानावर होतं: दौंड परिसरातील एक स्थानिक कळप. मालकाच्या नावापुढे रेघ. त्याने ती रेघ पाहिली आणि मग तारीख पाहिली. अकरा जानेवारी.

"हे तर आई असतानाच..."

"हो."

तो मला काही बोलला असता तर बरं झालं असतं. त्याने फोल्डर परत दिलं, फॉर्मची घडी केली आणि खिशात ठेवली. "मी सही करत नाही अजून. पण तू दर शनिवारी यायचंस. लांबून राखण करता येत नाही."

"येईन."

मी गेले. फेब्रुवारीभर शनिवारी संध्याकाळी दौंड आणि सोमवारी पहाटे पुणं. प्रयोगशाळेत सोमवारी माझ्या कपड्यांना मळीचा वास यायचा. एका सहकारिणीने नाक वळवून विचारलं, कसला गं हा वास? मी म्हणाले, आमची डुकरं आहेत. तिने पुन्हा विचारलं नाही. सोपानराव आणि मी दोन वेळा सगळ्यांचं रक्त घेतलं, पिल्लांचंही. विषाणू एकदाही मिळाला नाही. प्रतिपिंडं भरपूर होती. मी अहवालाची नवीन प्रत काढली आणि मालकाच्या नावापुढची रेघ खोडून लिहिलं: कै. दयाबाई उजागरे.

उरला होता पाच शेडवाल्यांचा प्रश्न. ते सगळे एका जागी वर्षातून एकदाच भेटतात.

*

सत्तावीस फेब्रुवारीला हंगामाचा सण होता. सोपानराव म्हणाले, माझी पण पंगत लावा तुमच्या देवाकडं, आणि टेम्पो काढला. चौफुला, न्हावरा करत आम्ही शिरूरला पोचलो. मागे गोणपाट झाकलेल्या तीन पाट्या होत्या. प्रत्येकीत एक काळं पिल्लू: हन्नाचं, रिबकाचं आणि धाकट्या रूथचं. स्टीफन त्यांच्याजवळ बसला होता. फॉर्म त्याच्या खिशातच होता.

प्रार्थना झाली. पाळक साहेब एकेका घराचं नाव घेत होते. आवारात कडुनिंबाखाली ज्वारीच्या पेंढ्या, दुधी, कोंबड्या आणि एका म्हातारीने स्वतः शिवलेल्या दोन गोधड्या, असा ढीग लागला होता. मग आमचं नाव आलं. मी आणि स्टीफनने पाट्या पुढे ठेवल्या आणि गोणपाट काढलं.

कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले.

पाळक साहेब अवघडून म्हणाले, "ग्रेसबाई, दयाबाई दरसाल एकच आणायच्या. उत्तम ते."

"उत्तम कोणतं ते मला ठाऊक नाही, पाळक साहेब. पुढच्या तापाला यातलं कोणतं पुरून उरेल, ते कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून तीन आणली. तीन वेगवेगळ्या आयांची. आणि ती एका घरात जाऊ नयेत, तीन घरांत जावीत, एवढंच माझं म्हणणं आहे. पुढच्या वर्षी नरांची अदलाबदल करायची. मी दर शनिवारी असते, रक्त तपासून देईन."

"आम्हाला पांढरी मिळणार हायेत," मागून अनसाबाईंचे दीर म्हणाले. "फुकट. हे कोळसे कशाला घेऊ?"

"घ्या पांढरी. मी कुठं नको म्हणते? पण सगळी पांढरीच घेऊ नका. मागच्या वेळी तेच केलंत."

"तुमच्यामुळंच ताप आला, असं म्हणत्यात लोक."

"लोकांना म्हणावं, कागद वाचा." मी जुना आणि नव्या तपासणीचा, असे दोन्ही अहवाल पाळक साहेबांच्या हातात दिले. "आमच्या डुकरांत ताप नाही. ताप आला तेव्हा तुमच्याइतकाच आमच्याकडेही आला होता. चौदा आम्हीही पुरली."

पाळक साहेबांनी पानं उलटली. मग पुढच्या रांगेतून अनसाबाई उठल्या. जाड भिंगांचा चष्मा, हातात काठी. त्या वाकल्या आणि हन्नाचं पिल्लू कानाला धरून उचललं. पिल्लू आवार डोक्यावर घेऊन किंचाळलं.

"आवाज तर पोलीस पाटलाचा हाय," त्या म्हणाल्या. पुन्हा हशा झाला, पण या वेळी वेगळा. "बोली लावा पाळक साहेब. माझी पहिली."

त्यांच्यावर कोणी बोली लावली नाही. पिल्लू काखेत घेऊन अनसाबाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. अजून दोन पाट्या तशाच होत्या. स्टीफनचा हात खिशावर होता.

"घेतलं मी. आता परत देनार न्हाई, तवा खरं सांग. माझ्या शेडात देवाची पिल्लं व्हती. दयाच्या हातची. तिच्या घरची नऊ उठली आन् तिनं देवाला दिलेली समदी मेली. हे कसं काय?"

स्टीफन हळूच म्हणाला, "ताई, राहू दे. दोन राहिलीत अजून."

तो बरोबर होता. ताप कोणाला विचारून येत नाही, असं काहीतरी बोलून मला खाली बसता आलं असतं. लोकांनी मानही डोलावली असती. माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं. 'नाही अजून' सारखंच, गुळगुळीत.

पाळक साहेबांच्या मागे, चर्चच्या भिंतीवर गेल्या वर्षीच्या सणाचा फोटो लावलेला होता. त्यात आई उभी होती, हातात पांढरं पिल्लू, मान ताठ.

मी फोटोकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"आई, कागद अकरा तारखेलाच आला होता. तू विचारत होतीस तेव्हा तो माझ्या पिशवीत होता आणि मी नाही म्हणाले. ऐक. तुझं बरोबर होतं. हन्नाचं रक्त वेगळं आहे, ते तू निवडलंस म्हणून टिकलं, आणि हे कोणा साहेबाने केलेलं नाही, तू केलंस. दुसरंही खरं आहे. तू जी उत्तम म्हणून दिलीस ती सगळी एका बापाची होती, तुझ्या हातून ती घरोघरी गेली, आणि अनसाबाईंची चौदा त्यामुळेही गेली. ताप तू आणला नाहीस. पण तो आला तेव्हा त्यांच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. तू दोन गोष्टी विचारल्या होत्यास. मी एकही झाकलेली नाही."